हुंकार

पलासियात, तिसऱ्या मजल्यावर, रात्री दीडला
मी पानाला शिकवलं: आता विचारत बसू नकोस.
आजवर ते दर पाच सेकंदांनी सर्व्हरचं दार वाजवायचं,
सोयाबीनचा भाव आला? आला का?
आता एकच जोडणी, उघडी सोडलेली.
छावणीच्या मंडीत बोली चढली
की आकडा आपणहून येईल,
बाकी पान जागचं हलणार नाही.

पण रात्री मंडी बंद.
तेव्हा सर्व्हर अर्ध्या अर्ध्या मिनिटानं
एक रिकामी ओळ धाडतो,
नुसता अपूर्णविराम,
जोडणी तुटू नये म्हणून.

गोष्टीत हुंकार ऐकणाऱ्यानं द्यायचा असतो.
इथं सांगणाराच देतो.

सराफ्यातून भुट्ट्याचा कीस घेऊन आलेला किबे
खांद्यावरून डोकावला. "काही येतंय का?"

येतंय की.
काहीच नाही,
पण वेळेवर.