वडकी नाका, पावणेदहा

दिवेघाट उतरून आला तो. जीपमागे ट्रेलर,
ट्रेलरात घोडी, जायचं रेसकोर्सला.
"मागचा लाल दिवा लागत नाही, ताई. तेवढंच."

तेवढंच म्हणून मी हुकाजवळ बसले.
तिथं तारेची बारीक दोरी असते, टोकाला पिन.
ट्रेलर जीपेपासून सुटलाच, तर ती उपसते
आणि पेटीतली छोटी बॅटरी
एकटी चाकं धरते.
जन्मात एकदा. किंवा कधीच नाही.

घोडी उतरवून कडुलिंबाला बांधली.
चाक जॅकवर घेतलं, पिन ओढली,
हातानं फिरवलं.
फिरलं. फिरतच राहिलं.

झुंबर आघाव चाकाकडे बघत होता.
"म्हणजे घाटात..."
"हो."
त्यानं पाण्याची बाटली उघडली
आणि न पिता बंद केली.

बॅटरी बारा पॉइंट सहा, ठणठणीत.
स्विचमध्ये गंज नाही.
मॅग्नेटपर्यंत साडेबारा येऊन पोचतायत,
मॅग्नेट मात्र ढिम्म.
मीटरची काळी सळई बॅटरीवरून काढली,
चॅसीला लावली:
दीड.

दस्तगीर मिस्त्री म्हणायचे, पोरी,
आलेला करंट सगळे मोजतात,
तो घरी कुठल्या वाटेनं जातो ते कोण बघतं?
मग चहा सांगायचे, माझ्या नावावर.

अर्थिंगचा बोल्ट मडगार्डमागे सापडला.
त्याच्याखाली चकचकीत हिरवा रंग.
"मालकांनी दसऱ्याला मारला. दोन हात."
दोन हात!
लोखंडाला लोखंड शिवू नये म्हणून जणू.

पातं घेऊन खरवडत गेले.
हिरवा, मग तांबडा प्रायमर,
मग एकदाचं करडं, नागडं लोखंड.
वॉशर. बोल्ट. वरून बोटभर ग्रीस.

डाव्या हातानं चाक फिरवत
उजव्यानं पिन ओढली.
टक्.
मनगटाला असा हिसका बसला
की आईच आठवली.
कडुलिंबाखाली घोडीनं कान टवकारले.

लाल दिव्याचा बल्बच उडाला होता.
तो बदलला, वीस रुपये.
आघावनं पाचशेची नोट दिली, सुट्टे मागितले नाहीत,
दोरी तीनदा ओढून बघितली,
घोडी चढेना तेव्हा तिच्या मानेला कपाळ टेकून
थोडा वेळ तसाच उभा राहिला.

मग निघाला, तिसऱ्या गियरच्या वर न जाता.
पुढे हडपसरपर्यंत
सगळा सपाट रस्ता.