एकोणतीस चोक

चोपड्यात एप्रिल, दुपारी चव्वेचाळीस.
भटूअप्पांच्या स्टुडिओवरच्या गच्चीत बिबडे वाळत घातलेले.
खाली छत्रीदिवे, निळा पडदा, राजाराणीची खुर्ची
आणि बासष्टाव्या पानाला कोसळणारा कॉम्प्युटर.

"लासूरचं लग्न आहे," अप्पा म्हणाले,
"हळदीचे फोटो उघडले की गेला.
आठ जीबी होती तेव्हा रडतखडत का होईना चालायचा.
जळगावला गेलो, गोलाणीतून आणखी आठ आणली,
तर सोळाचा धनी होऊन पाय मोडून बसला."

आधी मी उन्हाला धरलं.
कूलरचं तोंड त्याच्याकडे वळवलं,
अप्पा निथळत राहिले, आणि तो पडलाच.
मग विजेला.
लोटन म्हणाला, शेजारची पिठाची गिरणी झटका देते.
गिरणी जेवायला बंद झाली,
आणि तो पडलाच.
मग विंडोज नव्याने टाकायचा विचार आला.
हा विचार मला हरल्यावरच येतो.

नवीन पट्टी काढली. चालला.
अप्पांनी लगेच गोलाणीवाल्याला फोन लावला,
शिवी अर्ध्यावर असताना मी म्हटलं, थांबा.
जुनी काढून नवीन एकटी बसवली.
चालला. नव्वद पानं.
आता अप्पा जुनीकडे असे बघायला लागले
जसं घरातलंच कुणी फितूर निघालं.
जुनी एकटी लावली. चालला.

एकेकटी शहाणी, एकत्र आली की निळं.

खोडरबराने दोघींचे सोनेरी दात घासले.
(स्मरणशक्ती नीट व्हावी म्हणून खोडरबर,
हे मी कुणाला समजावत नाही.)
खाचा बदलल्या, फुंकर मारली,
लोटनने उदबत्तीसुद्धा लावली, त्याला मी नाही म्हटलं नाही.

रात्री चाचणी लावून बसले.
अप्पांनी किल्ली दिली, आणि वाटीभर दाणे.
चाचणी काय करते:
प्रत्येक घरात काहीतरी लिहून ठेवते,
थोडं फिरून येते
आणि विचारते, काय दिलं होतं तुला?
मग तेच उलटं लिहिते. परत विचारते.

आमचे भाऊ असेच पाढे घ्यायचे,
सायकलची साखळी बसवता बसवता,
वर न बघता.
सरळ म्हण. आता उलटा म्हण. आता मधूनच.
एकोणतीस चोक?
तिथे मी दर वेळी थांबायचे.
मला येत नव्हतं असं नाही.
धाकटी बहीण शेजारी बसून
माझ्या आधी उत्तर द्यायची, इतक्या वेगात,
की माझ्या तोंडातलं सोळोत्तरसे तोंडातच राहायचं.

अडीच वाजता पहिली लाल ओळ.
मग लालच लाल.

तेव्हा कुठे चष्मा लावून पट्ट्यांवरचे कागद वाचले.
जुनी चोवीसशेची. नवीन बत्तीसशेची.
आणि सेटिंगमध्ये कुणीतरी
दोघींना बत्तीसशेवर पळायला लावलेलं.
"कुणीतरी?" सकाळी मी विचारलं.
लोटन राजाराणीच्या खुर्चीचं प्लॅस्टिक सोलत बसला.
"मोबाइलवर बघितलं होतं ताई. फुकटात वेग वाढतो म्हणे."

चोवीसशे केलं. एवढंच.
काम दीड मिनिटाचं, शोध एका रात्रीचा,
आणि पैसे लोक मिनिटाचे देतात.

अप्पा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.
"म्हंजे नवाले जुनानी चाल दिन्ही का?"
हो अप्पा.
"मंग नवं कसाले लिधं?"
ह्याला माझ्याकडे उत्तर होतं, जागेचं, पण झोप येत होती.

बासष्टावं पान उघडलं. हळद.
त्रेसष्टावं. नवरीचे डोळे मिटलेले.
"हा फोटो काढून टाक," अप्पा म्हणाले, "एवढ्यासाठी रात्र गेली तुझी."

दोनशे म्हटले, दीडशे मिळाले, वर कागदात बिबडे.
स्कूटी धरणगाव नाक्यापर्यंत आली
आणि कशावरून कोण जाणे आठवलं, एकोणतीस चोक.
शेजारी कुणी नव्हतं.
तरी जरा थांबले.