उतारा क्रमांक चौदा

हेडफोनमध्ये आधी पंखा येतो,
मग कुकरची तिसरी शिट्टी,
मग मंछाबेन:
"बेन, छातीमां नहीं, अहीं... मूंझारो."
अहीं म्हणजे कुठे, ते ध्वनिफितीवर नाही.
मी समोर होते. तिनं हात
गळ्यापासून पोटापर्यंत नेला
आणि तिथून दाराकडे,
जिथे तिचा वेगळा पेला पालथा घातलेला होता.

फाल्गुनीनं पिवळा रंग लावला: श्वसनाची लक्षणं.
मी हिरवा: घरातलं अंतर.
आमची जुळणी शून्य पूर्णांक बासष्ट.
सर म्हणाले, सत्तरपर्यंत आणा.

घुसमट लिहिलं, तर छातीच परत आली.
कासाविशी लिहिलं, तर वडोदऱ्यातला मे महिना झाला.
दांडिया बजारात जन्मलेली माझी आई
भाजी गुजरातीत घेते, रागावते मराठीत.
ती म्हणाली, मूंझारो म्हणजे मूंझारो.
तुझे आजोबा शेवटी हेच सांगत होते,
डॉक्टरांनी गॅस लिहिला.

एकेचाळीस मुलाखती. तीनशे बारा कोड.
सहा विषय, एक तक्ता.
तक्त्यात मंछाबेनला एक ओळ, अवतरणचिन्हांत,
खाली: स्त्री, ५८, उपचाराचा चौथा महिना.
नाव काढायचं असतं. काढलं.
तिनंच विचारलं होतं, "मारुं नाम तो लखशो ने?"
मी म्हटलं, नाही, तुमच्याच भल्यासाठी.
(विराम, नऊ सेकंद.)
तो विराम कशातच बसेना,
"इतर"मध्ये टाकला.

उतारा म्हणतो आपण याला.
आमच्या गल्लीत उतारा चार रस्त्यांवर ठेवायचे,
दहीभात, लिंबू, कुंकू,
आणि मुलांना बजावायचे: ओलांडायचा नाही.
मी तिचा रात्री दोनदोनदा ओलांडते,
मागे, पुढे,
नऊ सेकंद.

शनिवारी सादरीकरण. पंधरा मिनिटं.
पहिला प्रश्न: एवढ्याशा माणसांवरून
सिद्ध काय होतं?
पाठ केलेलं उत्तर दिलं. माना हलल्या.
मग मागच्या रांगेतून एक हात:
पाचव्या स्लाइडवर, मॅडम,
एक शब्द भाषांतर करायचा राहिलाय.

हो, म्हटलं.
राहिलाय.