शेऱ्याचा रकाना

इलिसोनीला धक्क्यापर्यंत मीच पोचवला होता.
माझी होडी, माझं खोकणारं इंजिन,
आणि त्याच्या मांडीवर नवे बूट, आयुष्यातले पहिले.
खारं पाणी लागू नये म्हणून
तान्ह्या बाळासारखे छातीशी धरलेले.

लितियाना, त्याची आई, किनाऱ्यावर उभी. हात हलवला नाही तिनं.
आमच्या कंदावू बेटावर हात हलवला की माणूस लांब जातो म्हणतात.
खरं तर असं कुणीच म्हणत नाही,
तिनंच त्या दिवशी ठरवलं.

एकोणीस वर्षांचा. रग्बीत डाव्या कानाचा तुकडा गमावलेला.
चर्चमध्ये इतक्या खालच्या सुरात गायचा
की बाक थरथरायचे.
सैन्यात कशाला रे, विचारलं तर म्हणाला,
छपराला पत्रे हवेत, काका. आणि धाकटीची फी.
देश हा शब्द त्यानं काढला नाही.
मी तो आता त्याच्या तोंडी घालणार नाही.

मग सिनाईचं वाळवंट.
दुसऱ्यांच्या भांडणाच्या मधोमध आखलेली रेघ,
रेघेवर मनोरा, मनोऱ्यात आमचा पोरगा,
विटकरी टोपी, आणि एक नोंदवही:
ट्रक किती, जीपा किती, उंट, माणसं, वेळ.
शेवटचा रकाना शेऱ्याचा.
बंदूक होती. तिला रोज तेल पाजायचं.
ती कधी बोलली नाही.

रविवारी फोन यायचा.
टेकडीवरच्या विलायती फणसाखाली तेवढी रेंज.
जेवलास का, आई विचारायची.
हो, वाळू आणि भात.

परत आणला तोही मीच.
या खेपेस बूट पायात होते,
बुटांसकटच पाण्यात उतरला.
रात्री केवड्याच्या पातीची नवी चटई अंथरली,
यांगोनाची करवंटी फिरली, प्रत्येक घोटाला तीन टाळ्या,
आणि सगळ्यांचं एकच: गोळी झाडलीस का? झाडलीस का?
तो हसला. काहीच झालं नाही तिथं, म्हणाला.
त्याच्या प्रमाणपत्रातही तसंच लिहिलंय.

मला त्यानं सांगितलं ते नंतर,
होडीला डांबर लावताना, माझ्याकडे न बघता.

रोज सकाळी सहा वीसला एक पोरगं जायचं,
गाढवावर, पाण्याचे दोन पिवळे कॅन घेऊन.
मुलगा एक, गाढव एक.
यानं एकदा बिस्किटांचा पुडा खाली टाकला.
दुसऱ्या दिवशी पोरानं वर कांदा फेकला,
चौथ्या फेकीला पोचला.
मनगट चुकत होतं त्याचं, काका.
पास कसा द्यायचा ते दाखवणार होतो.

मग एका बुधवारी गाढव एकटंच आलं.
सहा वीसलाच. कॅन रिकामे, एकमेकांवर आपटत.

गाढव एक, त्यानं लिहिलं.
शेऱ्याच्या रकान्यात पेन टेकवलं
तेव्हा मागून हवालदार म्हणाला, ट्रक येतोय, मोज.

त्यानं मोजला.

आता छपरावर पत्रे आहेत. छत्तीस.
मला माहीत आहे कारण तो सांगतो.
अळूचे वाफे, जाळ्यातले मासे, प्रार्थनेतली कडवी.
लितियाना विचारते, सारखं काय पुटपुटतो हा?
स्तोत्रं, मी म्हणतो.

शाळेची पोरं सकाळी माझ्याच होडीतून पलीकडे जातात.
तो धक्क्यावर उभा असतो, दोर हातात.
अकरा झाली की सोडतो.

काल दहाच आली.
अरे, तापानं घरी असेल एखादं, मी म्हटलं.
पोरं ओरडायला लागली, ओहोटी लागत होती.
त्यानं दोर खांबाला दोन वेढे घालून बांधला,
बूट चढवले, नाड्या नीट आवळल्या
आणि टेकडीवर गेला, प्रत्येक घर बघत.

अर्ध्या तासानं उतरला.
ताप आहे, म्हणाला. पेज पितोय.

मग दोर सोडला.
इंजिन पहिल्याच ओढीला लागलं, जे कधी लागत नाही.
शाळेत विचारलं उशीर का,
तर पोरांनी माझ्याकडे बोट दाखवलं.