बेरीज व्यस्त

हमरियाच्या कोल्ड स्टोअरमध्ये उणे बावीस.
बाहेर ऑगस्ट, अधिक चव्वेचाळीस.
मधे एक खोली आहे, पाच पावलांची,
दोन्हीकडे प्लास्टिकच्या जाड पट्ट्यांचे पडदे.
तिथे चष्म्यावर धुकं धरतं
आणि क्षणभर कुठलाच ऋतू दिसत नाही.

सुट्टीत मी तिथेच बसतो,
जॅकेटची चेन अर्धी उघडून,
आणि दाभोळहून तहसीनचा फोन येतो.
त्यांचं घड्याळ दीड तास पुढे,
माझं दीड तास मागे.
"अब्बा, पाचची बेरीज व्यस्त?"
उणे पाच.
"उणे बावीसची?"
अधिक बावीस. ती तुमच्याकडे असते,
दिवाळीनंतर, पहाटे.
ती हसते. "व्यस्त म्हणजे कामात ना?"
हिंदीत तसं. गणितात व्यस्त म्हणजे
जिच्यात मिसळलं की काही उरत नाही.

काही उरत नाही, म्हणालो खरा.
पण आठवला तो गुरुवार:
व्हिसासाठी हमीदमामूकडून घेतलेले नव्वद हजार
सव्वीस महिने हप्त्याहप्त्याने वर चढत
शून्याला टेकले.
खिशात फक्त बसचे पैसे.
नबील फोरमन म्हणाला, लॉटरी लागली काय?
मी सगळ्यांना चहा पाजला. उधारीवर.
म्हणजे पुन्हा उणे सात दिरहम.

एक्सचेंजच्या खिडकीवर माझ्या पावतीत जे वजा,
तेच शमीमच्या पासबुकात जमा.
मधले वीस दिरहम कुणाकडे अधिक होतात
हे सातवीच्या पुस्तकात नाही.

"आता एक माझं गणित," तहसीन म्हणते.
"तुम्ही सहा वर्षं नव्हतात.
त्यात किती मिळवले की शून्य?"
सहा, मी म्हणतो. अधिक सहा.
"बरोबर," ती म्हणते, अगदी बाईंसारखी,
आणि पेन्सिलीचा आवाज थांबतो.

मी निघालो तेव्हा ती पहिलीत होती,
पुढचे दोन दात पडलेले.
संख्यारेषेला दोन्ही टोकांना बाण असतात,
तिथे हवं तितकं उलटं चालता येतं.

भोंगा होतो. मी चेन वर ओढतो.
दार सरकतं, थंडी बाहेर येते, ऊन आत जातं,
आणि भिंतीवरचा आकडा जरासा हलतो:
उणे एकवीस.
मग पुन्हा बावीस.

"अब्बा, आहात ना?
सातची सांगा."