पाणसळ

रविवार कारंज्याजवळच्या दुकानात
मी पाणसळ मागितली.
काउंटरवरचा पोरगा माझ्या मागे बघत म्हणाला,
मिस्त्री बाहेर थांबलेत का, आजी?
मिस्त्री मीच, म्हटलं.
आजीसुद्धा आहे,
पण ते तू म्हणायचं नाहीस.

रिक्षात सोपान गांगुर्डेचा फोन.
मॅडम, चौथं प्रकरण पाठवलंय,
गाईड म्हणून तुमची सही सोमवारपर्यंत लागेल.
मांडीवर पाणसळ, आठ एमएमचा बिट,
दोन डझन स्क्रू,
आणि रेवासाठी राजगिऱ्याचे लाडू, तेही त्याच पिशवीत.

सोमेश्वरच्या अलीकडे आमचं घर.
हॉलची भिंत जुनी, विटा ठिसूळ,
ड्रिल लावलं की प्लास्टरचा पापुद्रा
थेट रेवाच्या दुधात.
ती कानांवर हात ठेवून ओरडते, परत कर!

दुपारी एक ते अडीच ती झोपते.
तेव्हा ड्रिल बंद, सोपान चालू.
ती झोपली की प्रबंध पुढे सरकतो,
ती जागी असली की भिंत.
नॅकची फाईल कधी सरकते
ते अजून कुणाला कळलेलं नाही.

साडेपाचला मुक्ताचा मेसेज, अंबडहून:
आई, आज मशीन बंद पडलंय, आठ होतील.
होऊ देत.
तेवढ्यात दुसरं भोक पाडते.

रात्रीच्या भातात माझ्या दाताखाली खडा आला.
थुंकून बघितला तर अपोफिलाईट,
लहानसा, हिरवट, धारेला जरा चिरलेला,
पांडवलेण्याकडच्या खाणीत मिळालेला, माझ्या एमएस्सीच्या वर्षी.
रेवाने तांदळाच्या डब्यात पेरला होता.
उगवेल म्हणून.
सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या,
आयुष्यभर खडे वेचायचा पगार घेतलास,
तांदळातले तेवढे राहिले.

शनिवारी फळी बसली.
मी वर पाणसळ ठेवली.
रेवा खुर्चीवर चढून काचेला नाक लावते.
आत मासा आहे, म्हणते.
मासा नाही ग, बुडबुडा. मध्ये आला की फळी सरळ.
येत नाहीये.
येत नाही, खरंय. केसभर डावीकडे.

मग मी तिला तेच सांगितलं
जे दर जुलैत द्वितीय वर्षाला सांगते:
साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे सगळा लाव्हा होता,
तुझ्या पाळणाघराच्या जागीसुद्धा.
त्यात वाफेचे बुडबुडे अडकले.
वरून दगड निवला.
आत पोकळी तशीच राहिली.
मग पाणी झिरपत आलं, थेंब थेंब,
कुणाला घाई नव्हती,
आणि त्या पोकळीत हे स्फटिक वाढले.

ती हातातला खडा फिरवत राहिली.
मग बुडबुडा कुठे गेला?

चौतीस वर्षांत
हे कुणी विचारलं नव्हतं.
गुण किती, हे विचारतात.
परीक्षेला येईल का, विचारतात.
मी ड्रिलची वायर गुंडाळत बसले,
गरजेपेक्षा जास्त वेळ.
बाहेर गेला असेल, म्हटलं शेवटी.
कुठून? दार होतं का?

रात्री दहाला सोपानला लिहिलं:
चौथं प्रकरण वाचलं. भाषा बरी आहे.
पान ऐंशीवर पोकळी भरण्याचा क्रम दिलास,
आधी आत काय होतं आणि ते कसं निघून गेलं
ते एका परिच्छेदात लिही.
सही त्यानंतर.
त्याचा अंगठा आला, पाठोपाठ एक रडका चेहरा.

फळीवर आता सोळा नमुने आहेत,
एक प्लास्टिकचा जिराफ,
आणि भातातला तो, धुऊन पुसून.
उजवीकडे जड दगड ठेवले, तरी सारखं डावीकडे घसरतंच सगळं.
तूर्त डाव्या ब्रॅकेटखाली
नॅकच्या फाईलचा पुठ्ठा दुमडून घातलाय.