अर्धा आटा

जुनी सीट फाटली तेव्हा आतून काथ्या निघाला
आणि एक गंजकी स्प्रिंग, जिने माझ्या दोन साड्या खाल्ल्या.
दस्तगीरभाईंनी हरिपूर रोडला, चिंचेखालच्या टपरीत
नवी बसवून दिली. चामड्याची. तपकिरी, ताठ,
बदलून आलेल्या साहेबासारखी.
"म्हैनाभर ती तुमास्नी शिव्या घालंल, तुमी तिला.
मग दोघी गप."

पहिल्या आठवड्यात दुखलं,
पण कुठे, हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.
वाचनालयाच्या पायऱ्या एकेक करून चढले,
बाइंडिंगच्या टेबलाशी उभ्यानेच खळ लावली.
इंदुमती गोंधळी म्हणाली, बस की गं.
म्हटलं, उभ्यानं पुठ्ठा सरळ कापला जातो.

खरं तर मला कळायला हवं होतं.
तीस वर्षं कातडं, पुठ्ठा, दोरा यांतच गेली.
नवं बांधलेलं पुस्तक कधी उघडं राहतं?
हात काढला की मिटतं.
त्याला दडपायचं नसतं.
थोडी पानं इकडून, थोडी तिकडून,
कण्यालगत अंगठा फिरवायचा
आणि वजनाखाली ठेवून घरी जायचं.

मग रविवारी पाना घेतला.
सीटचं नाक किंचित खाली केलं: मनगटं बोलू लागली.
किंचित वर केलं: ते सांगत नाही.
शेवटी अर्धा आटा, तोही पुरता नव्हे.
रात्री खालच्या बाजूने बोटानं एरंडेल चोळलं.
हे दारातून बघत होते,
म्हणाले, माझ्या गुडघ्यांना कधी एवढं लावलं नाहीस.

गुरुवार असेल, किंवा शुक्रवार.
हळदीच्या वखारीपाशी वास नाकात गेला,
उसाच्या ट्रॉलीमागे बराच वेळ रेंगाळावं लागलं,
भिशीचा हप्ता, लाइटबिल, धाकटीच्या चपला
असा सगळा हिशेब मनात झाला,
आणि दारात उतरल्यावर लक्षात आलं,
वाटेत सीट आठवलीच नाही.

हात लावून पाहिला. दोन उथळ खळगे,
उन्हानं की माझ्यामुळे, कोमट.
अंगवळणी पडलं म्हणतो आपण;
वळण कुणाच्या अंगाला, ते कोण बघतो?

डावा खळगा जरा खोल आहे.
म्हणजे मी डावीकडे कलून बसते.
बावन्न वर्षांत
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.